वीतभर पाण्यातली शर्यत

पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात आपलं पैठण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला आणले जातात, असं तो सांगतो.

या वर्णनातल्या गाड्यांपाशी मी थांबलो. पैठण गोदावरीच्या अगदी काठावर आहे. सातवाहनांना जहाजं ठाऊक नव्हती असंही नाही, यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर डोलकाठ्यांचं जहाज कोरलेलं आहे. तरी पैठणचा माल जायचा तो बैलांच्या जिवावर. आता भडोच वायव्येला आणि नदी वाहते पूर्वेला, म्हणजे या वाटेवर गाड्याच लागणार हे उघड आहे. पण नंतरच्या काळातही वरच्या गोदावरीतून मोठी जलवाहतूक चालली असं काही दिसत नाही. आपल्याकडे नदी ओलांडायची असते, नदीतून जायचं नसतं. उतारावर नाव असते, पलीकडे सोडते, संपलं. आडवं जायला होडी आणि उभं जायला बैलगाडी.

कारण सरळ आहे. दख्खनची नदी बसाल्टच्या खडकावरून वाहते. पावसाळ्यात ती अंगावर येते आणि दिवाळीनंतर खडकांच्या मधून चिंचोळ्या धारांनी सरकत राहते. पाणी असतं तेव्हा वेग झेपत नाही, वेग उतरतो तेव्हा पाणी नसतं. अशा नदीत पंख्याची बोट घातली तर पहिल्या किलोमीटरमध्ये पंखा खडकावर आपटून तुटेल.

हा प्रश्न सोडवायचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महाग प्रयत्न इंग्रजांनी केला आणि तो आजच्या गडचिरोली जिल्ह्यात येऊन थांबला. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आर्थर कॉटन हा मद्रासकडचा इंजिनिअर. गोदावरीच्या मुखाजवळ धवलेश्वरमला त्याने बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला आणि तो त्रिभुज प्रदेश सुपीक झाला. आंध्रच्या किनाऱ्यावर आजही त्याचे पुतळे आहेत, लोक हार घालतात. कॉटनच्या डोक्यात पाणी म्हणजे फक्त शेती नव्हती. त्याचं म्हणणं, रेल्वेवर पैसा उधळण्यापेक्षा नद्या आणि कालवे बोटींसाठी नीट करा, माल कितीतरी स्वस्तात जाईल. नागपूर, हिंगणघाट, वऱ्हाडचा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरावर न्यायचा, ही त्याची कल्पना. हेग नावाच्या अधिकाऱ्याने नदीची पाहणी केली, पुढे कामही त्याच्याकडेच आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा तिथला कापूस आटला आणि आपल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. योजनेला जोर चढला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल तिच्या बाजूने होता. सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं.

अडचण होती तीन ठिकाणी. पहिला खडकाळ टप्पा दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा वर प्राणहितेत देवलमरीजवळ. या टप्प्यांत नदी पायऱ्या उतरावी तशी खडकांवरून घसरते. उपाय असा की तिथे बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा, कालव्याला दरवाजे बसवायचे, म्हणजे बोट पाण्याच्या जिन्याने चढेल-उतरेल. आणि कमी पाण्यात तरंगणाऱ्या सपाट बुडाच्या आगबोटी चालवायच्या. दुम्मागुडेमचा बंधारा आजही उभा आहे.

पण खडक फोडायचं काम संथ चाललं. नदी वर्षातले काही महिनेच बोटींना उपयोगी. दरम्यान अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि फेब्रुवारी १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली. आता हिंगणघाटचा कापूस आगगाडीत बसून मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीचं काम बंद केलं.

मला स्वतःला कॉटन चुकला असं वाटत नाही, त्याचं यंत्र चुकलं. दहा वर्षं नदीला बोटीजोगं करण्यात गेली. बोट नदीजोगी करायचा विचार करायला अजून ऐंशी वर्षं जायची होती, आणि तो केला न्यूझीलंडमधल्या एका मेंढपाळाने.

मेंढपाळ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा धनगर नव्हे. बिल हॅमिल्टन हा मोठ्या कुरणांचा मालक. जन्म १८९९ चा. १९२१ मध्ये त्याने दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक नावाचं कुरण घेतलं. गाड्यांचं वेड होतं, बेंटली घेऊन इंग्लंडच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर १९३० मध्ये शर्यती जिंकून आला. घरी वीज हवी म्हणून धरण बांधायला घेतलं, माती उपसायला यंत्र मिळेना म्हणून ते यंत्रही स्वतःच बनवलं. त्यातून कारखाना उभा राहिला. म्हणजे शेतात तळं खणता खणता माणूस उद्योजक झाला. आपल्या वाळूजमध्ये असे दोन-चार तरी भेटतील.

त्याच्या आसपासच्या नद्या हिमालयाच्या पायथ्याशी दिसतात तशा. गोट्यांचं रुंद पात्र आणि त्यात वेणीसारख्या गुंफलेल्या उथळ, वेगवान धारा. या धारांतून वर जाईल अशी बोट त्याला हवी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कामाला लागला. बोटीच्या पोटातून पाणी ओढायचं, पंपाने दाबायचं आणि मागे झोतात फेकायचं ही कल्पना नवी नव्हती, अमेरिकेत तसा एक पंप होताही. पण त्यात झोत बोटीच्या बुडाखाली, पाण्यातच सुटायचा आणि बोट रखडत चालायची. हॅमिल्टनने नळीचं तोंड वर उचललं. झोत आता पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत सुटू लागला. वेग ताशी अकरा मैलांवरून सतरा मैलांवर गेला आणि बोटीच्या बुडाखाली लोंबणारी वस्तूच उरली नाही. बोट वेगात आली की बूड जवळजवळ पाण्यावर येतं. मग खाली वीतभर पाणी असलं तरी भागतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी फ्लुइड मशिनरीच्या पेपरला आम्ही हे सगळं सूत्रांत घोकलं होतं. समजलं मात्र पाणचक्कीवर. संभाजीनगरला आलात तर पाणचक्की बघितलीच असेल. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची ही चक्की अठराव्या शतकातली. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर लांब आणलंय, उंच भिंतीवर चढवलंय आणि तिथून ते जोरात पडून खालच्या आडव्या चाकाची पाती फिरवतं. वर जातं फिरतं, पीठ पडतं. शहरात असे नळ टाकायची सुरुवात त्याच्याही आधी, सतराव्या शतकात मलिक अंबरने केली होती. आता हेच उलटं करा. पाण्याने पाती फिरवण्याऐवजी इंजिनाने पाती फिरवा आणि पाणी बाहेर फेका. फेकलेलं पाणी मागे जाताना बोटीला पुढे ढकलतं. जेट बोट म्हणजे उलटी पाणचक्की, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हॅमिल्टन स्वतः याचं श्रेय घेत नसे, आर्किमिडीजचं नाव सांगे.

१९६० मध्ये त्याच्या बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. सुकाणूवर त्याचा मुलगा जॉन होता. हाच जॉन हॅमिल्टन सतरा वर्षांनी भारतात आला.

१९७७ च्या मोहिमेचं नाव होतं ‘ओशन टू स्काय’. नेता एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी. बंगालच्या उपसागरातून निघायचं, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जमेल तितकं वर जायचं आणि पुढे चालत हिमालयातल्या शिखरावर. तीन जेट बोटी होत्या, त्यांची नावं ‘गंगा’, ‘एअर इंडिया’ आणि ‘किवी’. हिलरींचा मुलगा पीटर सोबत होता. भारतीयांमध्ये १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते मोहनसिंग कोहली होते. सुंदरबनातून, पाटण्यावरून, वाराणसीवरून बोटी गेल्या. घाटाघाटावर माणसांची झुंबड. लोकांच्या दृष्टीने ही साहसमोहीम नव्हतीच, यात्रा होती. गोऱ्या माणसांची का असेना, गंगा उलटी चढणारी यात्रा. हरिद्वारच्या वर खरी परीक्षा सुरू झाली. ऋषिकेशच्या पुढे पांढऱ्या फेसाचे एकामागोमाग एक उतार बोटींनी चढून काढले आणि नंदप्रयागजवळ नदीने हात वर केला. धबधबा होता, त्यावर बोट चढत नव्हती. तिथून पायी. डोंगरात हिलरींना उंचीचा त्रास इतका झाला की त्यांना खाली उतरवून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. बाकीचे आकाश पर्वतावर पोचले.

धबधब्याने का होईना, थांबवलं नदीनेच, पाण्याच्या कमतरतेने नाही. सिरोंच्याला जे जमलं नाही ते यंत्र बदलल्यावर गंगेत इतकं पुढे गेलं. गंगेला बर्फाचं पाणी असतं आणि गोदावरीला नसतं, हा फरक अर्थातच मी विसरत नाहीये.

आता शर्यतीकडे. एखादं यंत्र कामाचं झालं की माणसं त्याची शर्यत लावतातच. बैल नांगराला आले आणि शंकरपट आला. न्यूझीलंडमध्ये नद्यांतून जेट बोटींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत्याच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून ‘जेट स्प्रिंट’ निघाला. आधी नदीच्या वेणीसारख्या धारांमध्ये, नंतर शेतात मुद्दाम खणलेल्या चरांमध्ये. आज हा खेळ ऑस्ट्रेलियात आहे, अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट जॉन या गव्हाच्या गावात शेतजमिनीवरच एक ट्रॅक आहे.

खेळ असा. काही मीटर रुंद, कमरेएवढ्या पाण्याचे चर. मध्ये मातीची बेटं. सगळं मिळून एक चक्रव्यूह. बोट चारेक मीटर लांब, अ‍ॅल्युमिनिअमची, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. आत दोनच माणसं. एका वेळी एकच बोट सुटते आणि घड्याळ सुरू होतं. पंचवीस-तीस वळणं ठरलेल्या क्रमाने घ्यायची, साधारण मिनिटाच्या आत. एकाच चरातून दोनदा-तीनदा जावं लागतं, दर वेळी वेगळ्या दिशेला वळून. एक वळण चुकलं की ती फेरी बाद. वरच्या गटातल्या बोटींचं इंजिन हजार अश्वशक्तीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं ऐंशी-नव्वद असतं, म्हणजे अंदाज करा.

दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे या बोटीला ब्रेक नाही आणि वेगळं सुकाणूही नाही. वळायचं ते मागच्या झोताची दिशा बदलून. झोत नसेल तर वळणही नाही. त्यामुळे घाबरून पाय काढला की बोट वळायचीच थांबते आणि सरळ काठावर चढते. गाडी चालवताना आपला पाय ज्या सवयीने मागे येतो, नेमकी तीच सवय इथे घात करते. व्हिडिओत बोट गवतात उडताना दिसते तेव्हा बऱ्याचदा काहीतरी असंच झालेलं असतं.

दुसरी गोष्ट शेजारी बसलेला माणूस. ड्रायव्हरला इतक्या वेगात वळणांचा क्रम आठवणं शक्य नसतं. तो क्रम पाठ असतो शेजारच्या नॅव्हिगेटरला. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून तो हाताने खुणा करतो. डावं, उजवं, डावं. पुढचं वळण दिसण्याआधी त्याची खूण यावी लागते. ज्याच्या हातात चाक आहे त्याला वाट माहीत नाही आणि ज्याला वाट माहीत आहे त्याच्या हातात काही नाही. ऑफिसात प्रॉडक्शन बंद पडल्यावर रात्री दोन वाजता आम्ही दोघे एकाच स्क्रीनसमोर बसतो, तेव्हा याच्या जवळपासचं काहीतरी चालतं. फक्त आम्ही गवतात उडत नाही.

महाराष्ट्रात पॉवरबोटींची शर्यत झालेली आहे. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर समुद्रात आंतरराष्ट्रीय पी-वन शर्यत भरली होती. पण तो खोल पाण्याचा खेळ. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या वल्ह्यांच्या. उथळ चरातली जेट स्प्रिंट आपल्याकडे अजून कुणी आणलेली नाही.

आणि इथे मी राहतो ते शहर मध्ये येतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मी मीटिंगला कॅमेरा बंद ठेवतो, कारण मागे बादल्यांचा आवाज असतो. पन्नास किलोमीटरवर नाथसागर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. एवढं मोठं पाणी, पण पसरट आणि उथळ, म्हणून उन्हाळ्यात वाफ होऊन बरंच उडून जातं. वर नाशिक-नगर, खाली मराठवाडा, पाणी सोडा आणि सोडू नका यावर कोर्टकचेऱ्या. धरणाखाली आपेगाव, हिरडपुरीचे बंधारे आहेत, पण पुढे उन्हाळ्यात पात्रात गाड्या फिरतील इतकी कोरडी गोदावरी मी पाहिलेली आहे. पेरिप्लसवाला परत आला तर त्याला फारसं बदललेलं वाटणार नाही.

अशा ठिकाणी पाण्यातल्या शर्यतीबद्दल बोलायचं म्हणजे लोक आधी डोळे मोठे करतात. त्यांना कारणही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. खेळपट्ट्यांना लागणाऱ्या पाण्याचा ६० लाख लिटरचा आकडा तेव्हा रोज बातम्यांत होता. त्यावर आम्ही हॉस्टेलवर भांडलो होतो. मी न्यायालयाच्या बाजूने होतो, आजही आहे.

म्हणून हिशेब मांडला. मिनिटभराच्या फेरीत बोट किलोमीटरभर पळते, पण तेच चर पुन्हा पुन्हा वापरते. खणलेली लांबी ६०० मीटर धरू, रुंदी ५, पाणी १ मीटर. ३,००० घनमीटर झाले, म्हणजे ३० लाख लिटर. लातूरच्या एका पूर्ण पाणीगाडीपेक्षा थोडं जास्त. आयपीएलच्या त्या आकड्याच्या निम्मं. शिवाय हे पाणी प्यायलं जात नाही, जिरत नाही, खाली प्लास्टिक असेल तर तिथेच राहतं. उडतं ते ऊन खातं. मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरलं तर रोज २४ हजार लिटर. दोन-अडीच टँकर. हा आकडा मला टोचतो. नोव्हेंबर ते जानेवारीत तो बराच खाली येतो.

माझ्या मामाचं शेत पैठण तालुक्यात आहे. मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली आणि कुऱ्हाड लावावी लागली, आसपासच्या कित्येक बागांचं तेच झालं. नंतर त्याने शेततळं घेतलं, ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं. त्यात वीसेक लाख लिटर राहतं. म्हणजे माझा ट्रॅक म्हणजे मामाची दीड शेततळी. मी त्याला मोबाइलवर सेंट जॉनचा व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा पाहिला. मग म्हणाला, “पाणी काय पळायला असतं का रे?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “पण हे तळं असं चौकोनी कशाला खणायचं? चरासारखं लांब खणलं तरी पाणी तेवढंच मावतं की.”

मावतं, पण तेवढंच पाणी लांब आणि उथळ पसरलं तर ऊन जास्त खातं, नाथसागराचं दुखणं तेच. ते मी त्याला सांगितलं. त्यावर त्याने विचारलं की रब्बीत भरून, शर्यत करून, उरलेलं पाणी फेब्रुवारीत बागेला दिलं तर? याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये अजून आलेलं नाही. चर खणायचा खर्च, प्लास्टिकचा खर्च आणि लाटांनी काठ किती ढासळतील हे धरायचं आहे. नाथसागरात मात्र हा विषय काढायचाही नाही, ते पक्षी अभयारण्य आहे.

बोटीचं सोपं आहे, असं मला वाटत होतं. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी ‘बाहा’साठी अख्खी बग्गी वेल्ड केलेली मी पाहिली आहे. पंपाचं फिरतं पातं तेवढं अचूक लागतं. वाळूजला एका मित्राचं सीएनसीचं दुकान आहे, त्याला ड्रॉइंग पाठवलं. त्याने विचारलं स्टेनलेस की अ‍ॅल्युमिनिअम, आणि नग किती. मी म्हणालो एक. तो म्हणाला, “एकासाठी पॅटर्न कोण बनवेल? दहा घे, मग बोलू.”